वेडा शास्त्रज्ञ आणि शहाणा ससा

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल कान्हे स्थानक सोडते, मग कामशेत येते आणि त्यापुढे मळवली. मळवलीला उतरणारा परका प्रवासी बहुधा कार्ल्याच्या किंवा भाज्याच्या लेण्यांकडे निघालेला असतो. याच मळवलीच्या परिसरात राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना होता, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात धुंडिराज गोविंद फाळके नावाचे एक गृहस्थ तेथे काम करीत होते, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना आठवते. लोणावळ्यात त्यांनी स्वतःचाही छापखाना काढला होता. या गृहस्थांकडे आपल्याला पुढे परत यावयाचे आहे. आरंभी मात्र आम्ही एका अमेरिकन सशाची गोष्ट सांगणार आहोत.

1946 च्या मे महिन्यात वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने सुमारे सात मिनिटांचा एक रंगीत व्यंगपट प्रदर्शित केला. त्याचे नाव 'हेअर-रेझिंग हेअर'. इंग्रजीत केस आणि ससा या दोहोंचा उच्चार एकच. तेव्हा 'अंगावर काटा आणणारा ससा' असा काहीसा त्याचा अर्थ. दिग्दर्शक चक जोन्स, आणि नायक म्हणजे बग्ज बनी हा गाजर खाणारा बेरकी ससा. मुलांना हसविण्याचे हे चित्र असे वरवर वाटते. पण त्यात थट्टा कशाची केली आहे हे समजावयाचे, तर आधी मूळ गोष्ट ठाऊक हवी. ज्याने कीर्तनच ऐकले नाही, त्याला कीर्तनकाराची नक्कल पाहून हसू कसे येणार?

मूळ गोष्ट मेरी शेली या तरुण इंग्रज लेखिकेची. तिची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी 1818 साली प्रसिद्ध झाली. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन नावाचा विद्यार्थी घरदार, मित्र, झोप सगळे विसरून एकान्तात प्रयोग करतो आणि निर्जीव देहात प्राण आणतो. पण तो जीव डोळे उघडतो न उघडतो तोच हा निर्माता त्याच्या रूपाला भिऊन पळून जातो. पुढचे सारे अनर्थ त्या पळण्यातून घडतात. पुष्कळ लोक फ्रँकेन्स्टाइन हे त्या राक्षसाचे नाव समजतात. वास्तविक त्या बिचाऱ्याला लेखिकेने नावच दिलेले नाही; ते नाव त्याला घडविणाऱ्याचे आहे. 1931 साली जेम्स व्हेल याने या कथेवर बोलपट काढला आणि बोरिस कार्लोफ या नटाने राक्षसाचे काम केले. तेव्हापासून उंच मनोरा, कडाडणारी वीज, बुडबुडणाऱ्या काचपात्रांची प्रयोगशाळा आणि डोळे विस्फारलेला शास्त्रज्ञ हा सारा सरंजाम ठरून गेला. पुढे अशा चित्रपटांची इतकी रेलचेल झाली की प्रेक्षकाला पुढचे पाऊल आधीच कळू लागले. आणि जेथे पुढचे पाऊल आधी कळते, तेथे विडंबनकार टपूनच बसलेला असतो. 1933 साली डिस्नेच्या 'द मॅड डॉक्टर' या लघुपटात मिकी माऊसची अशाच एका डॉक्टरशी गाठ पडली होती. पण ते सारे अखेर स्वप्न ठरले. जोन्सच्या सशाने स्वप्नाचा आधार घेतला नाही.

आता कथा ऐका. एक शास्त्रज्ञ आपल्या किल्ल्यात बसून टेलिव्हिजनच्या पडद्यावर सशाला चोरून पाहतो आहे. त्याचा चेहरा आणि आवाज पीटर लोरे या भीतिपटांतील प्रसिद्ध नटावर बेतलेला. पाळलेल्या राक्षसाला भक्ष्य हवे, म्हणून तो यंत्राची एक सुंदर सशीण धाडतो. ससा भुलतो आणि तिच्यामागून किल्ल्यात येतो. त्या किल्ल्यावर, येथे दुष्ट शास्त्रज्ञ राहतो अशी पाटी दिव्यांच्या अक्षरांत उघडझाप करते आहे! जे भय अंधारात लपून असावयाचे, त्याने दुकानासारखी पाटी लावली की भयाचे काय उरते? तीच गत राक्षसाची. अंगभर लाल केसांचे हे धूड दार तोडून येते खरे, पण पायांत खेळाचे कॅनव्हासचे बूट! आरशासमोर उभे राहिल्यावर त्याचे प्रतिबिंबच किंकाळी फोडून पळ काढते.

पण या चित्रातला सर्वांत नामी प्रसंग पुढेच आहे. राक्षस अंगावर धावून येतो, तेव्हा ससा लढत नाही. तो नखे रंगवून देणाऱ्या बाईचे सोंग घेतो, राक्षसाला समोर बसवतो, त्याचा हात हाती घेतो आणि तुम्हां राक्षसांचे आयुष्य किती मजेचे असेल, अशा गप्पा सुरू करतो. राक्षस लाजतो, मोहरतो, बोटे पाण्याच्या वाटीत बुडवतो; आणि वाटीत उंदराचे सापळे असतात!

हा प्रसंग प्रथम पाहिला तेव्हा आम्हांला हसू तर आलेच, पण त्याहून अधिक ओळख पटल्यासारखे झाले. ही युक्ती आपण कोठे तरी ऐकली आहे. कोठे बरे? अहो, ही तर मोहिनी आणि भस्मासुर!

भोळ्या शंकराने वर दिला की ज्याच्या मस्तकावर तू हात ठेवशील त्याचे भस्म होईल. वर मिळताच असुर वर देणाऱ्याच्याच मागे लागला. आपणच दिलेल्या शक्तीपुढे देणारा पळतो आहे, हे चित्र फ्रँकेन्स्टाइनच्या कितीतरी आधीचे. आणि त्यातून सुटका कशाने झाली? अस्त्राने नव्हे. विष्णूने मोहिनीचे रूप घेतले, नृत्य मांडले, असुराला आपल्यासारखे हावभाव करावयास लावले आणि त्याचाच हात त्याच्या डोक्यावर नेऊन ठेवला. सशाने वाचली ती हीच पोथी, असे आम्ही म्हणत नाही. चक जोन्सला भस्मासुर ठाऊक असावयाचे काही कारण नाही. पण बेफाम शक्तीपुढे दुबळ्याने शक्तीने उभे राहू नये, त्या शक्तीला आपल्या तालावर नाचवावे, हे शहाणपण दोन्हीकडे एकच आहे.

पंचतंत्रात तर याहूनही जवळची गोष्ट आहे. चार मित्र, तिघे विद्वान आणि चौथा नुसताच व्यवहारी. रानात सिंहाची हाडे सापडतात. पहिला सांगाडा जुळवतो, दुसरा मांस-कातडे चढवतो, तिसरा प्राण घालावयास पुढे सरसावतो. चौथा म्हणतो, थांबा, मला आधी झाडावर चढू द्या. पुढे काय झाले ते शाळकरी पोरही सांगेल. वेड्या शास्त्रज्ञाची याहून आटोपशीर गोष्ट जगाच्या वाङ्मयात क्वचितच सापडेल.

येथे एक शंका निघते, आणि ती टाळणे बरे नव्हे. अशा गोष्टी ऐकून लोक विद्येलाच हसू लागले तर? ही भीती पोकळ नाही. घरातला मुलगा जुना रेडिओ उघडून बसला, परसात कसल्याशा बिया निरनिराळ्या डब्यांत पेरू लागला, की आपण सहज म्हणतो, "आला आमचा वेडा शास्त्रज्ञ!" त्या हसण्याने किती जणांची हत्यारे परत पेटीत गेली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. म्हणून हसावे कोणाला, हे नीट पाहिले पाहिजे. आणि त्यासाठीच आम्हांला फाळक्यांकडे परत यावयाचे आहे.

1911 च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चलच्चित्र पाहून फाळके अक्षरशः झपाटले. छपाईच्या धंद्यातून ते बाहेर पडले होते. रात्रंदिवस चित्रे पाहणे आणि प्रयोग करणे यापायी ते आजारी पडले व काही काळ त्यांची दृष्टी गेली. ती परत आली, तरी ध्यास सुटला नाही. 1912 साली विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. मग त्यांनी काय केले? कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि ठराविक अंतराने त्याची एकेक चौकट टिपली. सारी फीत एकदम चालवली तेव्हा अंकुर फुटून वेल वाढताना क्षणांत दिसला. घर, प्रकृती, विमा, सर्व पणाला लावून वाटाण्यापुढे कॅमेरा मांडून बसलेल्या या माणसाला त्या काळच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय म्हटले असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल.

पण या माणसात आणि किल्ल्यातल्या शास्त्रज्ञात एक मोठा फरक आहे. फाळक्यांची प्रयोगशाळा म्हणजे त्यांचे घर होते. पत्नी सरस्वतीबाई फिल्म धुण्यापासून तिला छिद्रे पाडण्यापर्यंतची कामे शिकल्या आणि करीत होत्या. वाटाण्याचा चमत्कार त्यांनी कुलपात ठेवला नाही; लोकांना दाखविला, त्यावर भांडवल उभे केले आणि 3 मे 1913 रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आणला. त्यापुढचा त्यांचा चित्रपट कोणता म्हणाल, तर 'मोहिनी भस्मासुर'! त्यात दुर्गाबाई कामत यांनी पार्वतीचे आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी मोहिनीचे काम केले. पुढे 1915 साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा छोटा पट काढला. काड्यापेटीतल्या काड्या किंचित हलवायच्या, चौकट टिपायची, पुन्हा हलवायच्या. भारतातील सचेतनपटाचा हा आरंभ होय. दुर्दैवाने ती फीत आज उपलब्ध नाही.

वाटाणा, काडी आणि ससा यांचे तत्त्व एकच आहे. बोलपटाच्या फितीवर सेकंदाला 24 चौकटी धावतात. सात मिनिटांचे 420 सेकंद, म्हणजे 10,080 चौकटी झाल्या. एक चित्र पुष्कळदा दोन चौकटींपुरते वापरतात असे धरले, तरी सशाच्या हालचालींची हजारो चित्रे हाताने काढून, पारदर्शक पत्र्यांवर उतरवून, रंगवून एकेक टिपावी लागली. दुसऱ्याच्या वेडाची थट्टा करणारी ही मंडळी स्वतः काही कमी वेडी नव्हती! निर्जीव चित्रात प्राण घालणे हेच त्यांचे काम. म्हणूनच त्यांची थट्टा घरच्या माणसाच्या थट्टेसारखी वाटते. तिच्यात विद्येचा द्वेष नाही.

आता त्या व्यंगपटाचा शेवट सांगून आम्ही थांबतो. आरंभी सशाला वाटत असते की कोणी तरी आपल्याला चोरून पाहते आहे. अखेरीस राक्षसाच्या तावडीत सापडल्यावर तो तीच शंका राक्षसाच्या मनात घालतो आणि प्रेक्षागृहाकडे बोट दाखवतो. राक्षस वळून पाहतो. समोर बसलेले असतात ते तुम्ही-आम्ही. "माणसे!" असे ओरडून तो एकामागून एक भिंती फोडीत पळत सुटतो.

हे चित्र आले त्याच्या नऊ महिने आधी, ऑगस्ट 1945 मध्ये, हिरोशिमा आणि नागासाकी ही दोन शहरे गुप्तपणे तयार केलेल्या बाँबने बेचिराख झाली होती. चित्रकारांच्या मनात ते होते असा आमचा दावा नाही. पण बंद दाराआड वाढलेली शक्ती लोकांच्या नजरेला भिते, हा त्या विनोदातला अर्थ त्या काळी खरा होता आणि आजही खरा आहे. मोठे धरण असो, औषध असो, नाही तर विचार करणारे नवे यंत्र असो. त्याविषयी विचारण्याचा हक्क साध्या माणसाला आहे. त्यासाठी विद्वान असावे लागत नाही, डोळे उघडे ठेवून समोर बसावे लागते. व्याख्यानाला येऊन बसणे हाही त्यातलाच एक प्रकार आहे.

तेव्हा हसावे ते दार लावून घेणाऱ्याला. वाटाणा पेरून सर्वांना बोलावणाऱ्याला हसू नये. घरात असा कोणी असेल तर त्याला एक कुंडी आणून द्यावी. आणि पुढच्या वेळी लोकल मळवलीला थांबली, की खिडकीतून क्षणभर त्या छापखान्यातल्या माणसाची आठवण करावी.