माशाच्या तेलातले कामाचे मेद वेगळे कसे काढतात

धाराशिवच्या औषध दुकानात माशाच्या तेलाची कॅप्सूल सहज मिळते. पुढे ठळक अक्षरांत १००० मिलिग्रॅम. मागे बारीक अक्षरांत बहुधा इपीए १८० आणि डीएचए १२०. म्हणजे ज्यांच्यासाठी कॅप्सूल घ्यायची, ती ओमेगा-३ मेदाम्ले ३०० मिलिग्रॅमच. यात फसवणूक नाही. तारलीसारखा तेलकट मासा शिजवून, दाबून काढलेल्या तेलात ही दोन्ही मिळून जेमतेम ३० टक्के भरतात.

प्रमाण वाढवायचे तर तेलाच्या रेणूतच हात घालावा लागतो. प्रत्येक रेणूत ग्लिसरॉलच्या कण्याला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. त्यांत एखादे कामाचे, बाकीची साधी. त्यामुळे नुसते गाळून भागत नाही, जोड तोडावे लागतात. अल्कली आणि उष्णतेने ते तुटतात, पण डीएचएमध्ये सहा दुहेरी बंध असतात. असे मेदाम्ल तापले की प्राणवायू त्यावर झपाट्याने हल्ला करतो आणि तेल खवट होते.

इथे लायपेज हे विकर उपयोगी पडते. आपल्या स्वादुपिंडातही एक लायपेज असते. जेवणातले तेल तेच पचवते. कारखान्यात बहुतेक वेळा कॅन्डिडा रुगोसा या यीस्टपासून मिळवलेले लायपेज घेतात. तेल आणि पाणी एकत्र करून ३५ अंशांच्या आसपास, नायट्रोजनखाली घुसळत ठेवतात. घुसळणे महत्त्वाचे, कारण हे विकर तेल आणि पाणी जिथे भेटतात त्या सीमेवरच काम करते. थेंब जितके बारीक, तितकी सीमा मोठी.

आता खरी गंमत. विकर साध्या मेदाम्लांचे जोड भराभर तोडते, डीएचएचा जोड मात्र त्याला सहजी तुटत नाही. डीएचएचा पहिला दुहेरी बंध जोडापासून चौथ्याच कार्बनवर असतो. तिथे साखळी वाकते आणि विकराच्या पकडीत नीट बसत नाही. इपीएही असाच विरोध करते, पण कमी. साधी मेदाम्ले सुटून बाजूला होतात, ती काढून टाकतात. मागे उरलेल्या तेलात ओमेगा-३चे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. ज्याला हात लावायचा नाही ते ओळखणारे हे रसायन मला फार मोलाचे वाटते.

उरलेल्या रेणूंतल्या रिकाम्या जागा भरायलाही लायपेजच लागते. पाणी भरपूर असले तर ते तोडते. निर्वातात पाणी काढून घेत राहिले तर तेच जोडते. त्यासाठी कॅन्डिडा अंटार्क्टिकाचे लायपेज राळेच्या मण्यांवर बसवतात. मणी गाळून पुन्हा वापरता येतात. विकर महाग असल्याने हिशेब त्यावरच जमतो. असे पुन्हा जोडलेले ट्रायग्लिसराइड, म्हणजे कण्यावर तीन मेदाम्ले असलेला रेणू, इथाइल एस्टर स्वरूपापेक्षा (त्यात मेदाम्ल ग्लिसरॉलऐवजी इथाइल अल्कोहोलला जोडलेले असते) चांगले शोषले जाते. इथाइल एस्टरची कॅप्सूल असेल तर ती जेवणाबरोबरच घ्यावी, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

जागेलाही महत्त्व आहे. स्वादुपिंडाचे लायपेज रेणूच्या दोन टोकांची मेदाम्ले तोडते; मधले कण्याला चिकटूनच आतड्यात शोषले जाते. म्हणून मध्ये डीएचए आणि टोकांना खोबरेलातले कॅप्रिलिक आम्ल, अशी रचना संशोधक विकराने घडवतात. मेद नीट न पचणाऱ्या रुग्णांसाठी तिचा विचार होतो.

समुद्र लांब असलेल्या आपल्या जिल्ह्यात जवस आहे. त्याच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींतले ओमेगा-३, असते. शरीरातली विकरे त्यापासून इपीए बनवतात, पण थोडेच. डीएचए तर त्याहून कमी. करडई आणि सोयाबीनच्या तेलातले लिनोलेइक आम्ल त्याच विकरांसाठी स्पर्धा करते, त्यामुळे नुसती जवसाची चटणी वाढवून भागत नाही, रोजच्या तेलाचाही विचार हवा. लायपेजही इथे चमत्कार करत नाही. ते असलेली मेदाम्ले हलवते, नवी घडवत नाही. पण जवसाच्या तेलाची रचना बदलून ते पचायला सोपे करणे त्याला जमते. जालन्यात २०१८ पासून मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचे मराठवाडा केंद्र आहे आणि तेल हा त्या संस्थेचा जुना विषय आहे. मराठवाड्यातल्या जवसावर हे काम तिथे व्हायला हवे.