पावसातली फुलांची दरी

प्रवासाचा बेत ठरला की घरातले कुणीतरी पहिल्याने विचारतेच, "तिकडे पाऊस तर नाही ना?" पाऊस म्हणजे सहलीचा विरस, ही आपली ठाम समजूत. पण गढवालच्या हिमालयात एक राष्ट्रीय उद्यान असे आहे, की तिथे पाऊस टाळून गेलेला प्रवासी जे पाहायला गेला तेच नेमके चुकवून येतो. हे उद्यान म्हणजे फुलांची दरी.

बदरीनाथच्या वाटेवर, चमोली जिल्ह्यात, गोविंदघाट लागतो. तिथून बाजूच्या खोऱ्यात चढत गेले, की घांघरिया हे मुक्कामाचे ठिकाण येते. दरी त्याच्याही वर, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरच्या आसपास. मधून पुष्पावती नदी वाहते. १९८२ साली ही दरी राष्ट्रीय उद्यान झाली, आणि २००५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत तिचे नाव आले.

बाहेरच्या जगाला तिची ओळख झाली तीही खराब हवेतच. १९३१ साली फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती कामेट शिखर सर करून परतत होते. भ्यूंडार खिंड ओलांडताना त्यांना पावसाने आणि धुक्याने गाठले. थंडीने गारठलेली ती मंडळी खाली उतरली, ती थेट फुलांच्या गालिच्यात! स्थानिक मेंढपाळांना अर्थातच ही जागा आधीपासून ठाऊक होती. स्माइथ १९३७ साली पुन्हा तिथे गेला आणि पुढच्या वर्षी त्याने तिच्यावर पुस्तक लिहिले.

आता, फुले नेमकी पावसाळ्यातच का? इतक्या उंचीवर वर्षातले कित्येक महिने बर्फ असते. ते वितळल्यापासून पुन्हा थंडी पडेपर्यंत झाडांच्या हाती जेमतेम चार महिने येतात. तेवढ्यात अंकुर, पाने, फूल, बी, सारे उरकायचे! ऊब आणि भरपूर पाणी ही दोन्ही एकत्र मिळतात ती जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणून तेरडे, निळी हिमालयी पॉपी, नाना जातींची रानफुले त्याच दिवसांत उमलतात. उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर खुले असते. पण ढग चुकवून सप्टेंबरअखेरीस गेलात, तर आकाश निळे दिसेल आणि फुले बव्हंशी सरलेली असतील.

मग पावसाची भीती बाळगायचीच नाही का? बाळगायची, पण ती योग्य जागी. आपण सह्याद्रीच्या पावसात वाढलेली माणसे. भिजणे आपल्याला आनंदाचे वाटते. हिमालयात गोष्ट वेगळी. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. भिजलेले कपडे आणि वर वारा, म्हणजे अंगातली ऊब झपाट्याने जाते. कापू लागलेला, बोलताना अडखळणारा सोबती थकला आहे असे समजू नये. त्याला आडोशाला न्यावे, कोरडे कपडे घालावेत. सामानात छत्रीपेक्षा चांगला रेनकोट आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरडा लोकरी कपड्यांचा जोड महत्त्वाचा.

दुसरी गोष्ट वेळेची. ऊन चढले की दरीतली हवा तापून डोंगराच्या अंगाने वर जाते, तिचे ढग होतात. म्हणून दुपार बहुधा धुक्याची आणि सरींची. त्याच वेळी बर्फ वितळून ओढेही फुगतात. सकाळी सहज ओलांडलेला ओढा दुपारी अडवू शकतो. पहाटे निघावे आणि वेळेत मागे फिरावे. दरीत मुक्कामाला परवानगी नाहीच. ओल्या खडकावर पाऊल जपून टाकावे. १९३९ साली जोन मार्गारेट लेग ही वनस्पतिसंग्राहक बाई इथेच, कड्यावर फुले गोळा करताना, घसरून मरण पावली. तिची समाधी आजही दरीत आहे.

खरा धोका मात्र अनेकदा दरीपेक्षा वाटेवर असतो. जोशीमठाच्या पुढचा रस्ता पावसात दरडींनी बंद पडतो. जून २०१३ च्या पुरात गोविंदघाटचा पूल वाहून गेला, भ्यूंडार गावाची वाताहत झाली आणि घांघरियात अडकलेल्या यात्रेकरूंना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत. घाईत असलेला माणूसच फुगलेल्या ओढ्यात पाय घालतो. स्थानिक वाटाड्या "आज नको" म्हणाला, तर वाद न घालता चहा मागवावा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा आभाळाकडे पाहावे.