सील नवं, तरी तेल गळतंय?

जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपच्या मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला तेलाचा ओघळ दिसला, की गॅरेजमध्ये पहिलं काम ठरलेलं : ऑइल सील बदला. नवं सील बसतं, घाटात दोन-चार फेऱ्या होतात आणि ओघळ परत हजर! माझं म्हणणं असं, की सीलला हात लावण्याआधी ॲक्सलच्या हाऊसिंगवरचा ब्रीदर पाहावा. बोटाच्या पेराएवढा हा तुकडा चिखलाने बुजलेला असला, तर कितीही सील बदलली तरी उपयोग नाही.

हाऊसिंगमध्ये तेलाच्या वर हवा असते. सकाळी ती 30 अंश सेल्सिअसला असेल आणि चढावर क्राऊन-पिनियनच्या घर्षणाने 90 अंशांपर्यंत तापली, तर निरपेक्ष तापमान 303 केल्विनवरून 363 वर जातं. ब्रीदरमधून हवा बाहेर पडायची वाट बंद असेल, तर दाबही त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे 20 टक्क्यांनी वाढतो. शाफ्टला टेकलेला सीलचा रबरी ओठ तेल अडवायला असतो, दाब पेलायला नव्हे. शाफ्टवर जुनी खाच असेल, तर तेल तिथूनच वाट काढतं. ते लायनरवर पोचलं की ब्रेक धरत नाहीत. पुढच्या ॲक्सलमध्ये तेच तेल नकलमध्ये उतरून जॉइंटचं ग्रीस पातळ करतं.

याच्या उलट घडतं ते जास्त वाईट. तापलेली गाडी ओढ्यात उतरली की आतली हवा झपाट्याने आकसते आणि बुडालेल्या हाऊसिंगमध्ये सीलमधून पाणी ओढलं जातं. क्राऊन-पिनियनच्या हायपॉइड गिअरचे दात एकमेकांवर जोराने घासत सरकतात. त्यांच्या तेलातली गंधक-फॉस्फरसची रसायनं तापल्या धातूवर थर धरून दात वाचवतात; गिअर ऑइलचा उग्र वास या गंधकाचाच. पाणी मिसळलं की तेल दुधाळ होतं, बेअरिंगच्या रोलरवर गंज धरतो.

तेल बदलताना गाडी थोडी चालवून, कोमट असतानाच काढावं. पण ड्रेन प्लगआधी फिलर प्लग सैल करून घ्यावा. तो गंजून बसला असेल, तर रिकामा ॲक्सल पुन्हा भरणार कुठून? काढलेलं तेल बोटांत चोळून पाहावं. राखाडी, मऊ गाळ चालतो. कचकचणारा कीस लागला, तर कव्हर उघडायलाच हवं.

ब्रीदर डिझेलने धुऊन हवा मारावी. नदीनाल्यांतून जाणं असेल, तर त्याला रबरी नळी जोडून तिचं तोंड इंजिनाच्या खणात वर न्यावं. पाटे दबले-उठले तरी नळी ताणली जाऊ नये इतकी ती सैल हवी, मात्र मध्ये झोळ नको. तिथे पाणी साचलं की वाट पुन्हा बंद.