पहिला अंक काढ, मग बघ

'होमस्टक' कुणाला वाचायला सुचवायची म्हणजे सोबत एक पुरवणी जोडावीच लागते: पहिला अंक कसाबसा काढ, मग बघ. या वेबकॉमिकचे चाहते तिच्यावर जीव टाकतात, पण सुरुवातीबद्दल बोलायची वेळ आली की त्यांचाही आवाज जरा खाली येतो.

अँड्र्यू हसी यांनी ती 13 एप्रिल 2009 ला सुरू केली आणि बरोबर सात वर्षांनी, 13 एप्रिल 2016 ला संपवली. आठ हजारांहून जास्त पानं, आठ लाखांच्या घरात शब्द. एवढ्या मोठ्या पसाऱ्याची सुरुवात काय, तर एक मुलगा आपल्या खोलीत उभा आहे आणि आज त्याचा तेरावा वाढदिवस आहे. चित्र इतकं साधं की मुलाला हातही काढलेले नाहीत. ड्रॉवरमधून हात काढ, अशी त्याला आज्ञा होते. हात ड्रॉवरमध्ये नाहीत, पेटीत आहेत, असं उत्तर मिळतं. पेटीत असतात जादूच्या प्रयोगातले खोटे हात. आता ते ठेवायचे कुठे? त्यासाठी त्याच्याकडे काही कार्डं आहेत. शेवटी ठेवलेली वस्तू आधी बाहेर येणार. खालची हवी असेल तर आधी वरच्या काढा. कार्डं भरली की जुनी वस्तू आपोआप बाहेर फेकली जाणार. भिंतीवर पोस्टर लावायला हातोडा आणि खिळे हवेत, तर त्या खटाटोपात पानंच्या पानं जातात.

माझी भाची कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला ही कॉमिक मीच दिली आणि शेजारी बसून ती कशी वाचते ते बघत राहिलो. कार्डांचा प्रकार बघून ती फिस्सकन हसली. "मामा, हा स्टॅक आहे! आमच्या सिलॅबसमधला." पुढे दुसऱ्या एका मुलाकडे हॅश मॅप निघतो, एका मुलीकडे ट्री, म्हणजे डेटा मांडायच्या आणखी दोन रीती, तेव्हाही ती खूश झाली. पण हा विनोद किती ताणायचा? थोड्या वेळाने तिने मान वर केली. "हा पोरगा घराबाहेर कधी पडणार?"

माझं लक्ष तिच्या बोटांकडे होतं. चित्राखाली तो मुलगा आणि त्याचे तीन मित्र यांच्या आपसातल्या चॅटचं एक बटण असतं. ते दाबलं तरच संवाद उघडतो: त्या मुलाचा, म्हणजे जॉनचा, निळा, रोझचा जांभळा, डेव्हचा लाल, जेडचा हिरवा. भाची पहिले काही संवाद उघडून वाचत होती. नंतर ती नुसती वरून नजर फिरवायला लागली, मग बटण न दाबताच पुढे. कंटाळलेला वाचक नेमकी हीच वाट धरतो आणि इथेच फसतो. या कथेतली माणसं चित्रांत कमी आणि चॅटमध्ये जास्त सापडतात. कोण कॅपिटल अक्षरं वापरतं, कोण मुद्दाम तुसडेपणा करतं, कोण थट्टेआड काय लपवतं, हे सगळं त्या बटणामागे आहे. ते टाळलं की मागे उरतो तो फक्त हातोडा आणि खिळे.

संथपणाचं कारण कथा तयार होण्याच्या पद्धतीत आहे. हसी यांच्या आधीच्या 'प्रॉब्लेम स्लूथ' या वेबकॉमिकसारखीच इथेही सुरुवातीला पुढची आज्ञा वाचक सुचवत. मुलाचं नाव काय ठेवायचं इथपासून. पहिलं नाव आलं तेच चावट. ते नाकारून मग जॉन एगबर्ट ठरलं. वाचक सुचवणार, लेखक त्याला हो म्हणत खोडी काढणार, आणि हे दिवसाला चार-पाच पानं या वेगाने. पहिला अंक अडीचशेच्या आसपास पानांचा आहे आणि तो जवळजवळ दोन महिने चालला. तेव्हाच्या वाचकाला हा संथपणा जाणवायचं कारणच नव्हतं. आपली सूचना उचलली का, हे बघायला तो रोज येत होता. पुढे सूचनांचा पूर आला, त्यात शोधलं तर हवी ती आज्ञा सापडायला लागली, आणि हसी यांनी ती पद्धत सोडली. कथा पूर्णपणे त्यांच्या हातात आली. आज तीच पानं एका बैठकीत वाचणाऱ्याला मिळतो तो संपलेल्या खेळाचा धावता हिशेब. भाचीचा कंटाळा मला म्हणूनच रास्त वाटतो.

गंमत म्हणजे, हसी यांनी हाच प्रकार जाणूनबुजून पुन्हा केला. 2010 च्या जूनमध्ये पाचवा अंक उघडला तेव्हा चार मुलांची गोष्ट ऐन रंगात आली होती. ती तिथेच सोडून त्यांनी शिंगं असलेल्या बारा परग्रहवासी पोरांची ओळख करून द्यायला घेतली, आणि तीही पुन्हा एक पोरगा आपल्या खोलीत उभा आहे इथपासून! बऱ्याच वाचकांनी कुरकुर केली. पुढे हीच बारा पोरं सगळ्यांत लाडकी ठरली. राखाडी रंग फासून, शिंगं लावून त्यांची सोंगं काढणारे चाहते अमेरिकेतल्या संमेलनांत गर्दी करायला लागले. या अंकाचा शेवट म्हणजे तेरा-एक मिनिटांचं अॅनिमेशन. 25 ऑक्टोबर 2011 ला ते बघायला इतके लोक तुटून पडले की ते जिथे ठेवलं होतं ती न्यूग्राउंड्स ही मोठी साइटही कोलमडली.

त्यानंतर मात्र वाचकांची खरी परीक्षा झाली. ऑक्टोबर 2013 ते ऑक्टोबर 2014, वर्षभर कथा थांबली. वाचकांनी त्या खंडाला 'गिगापॉज' असं नावही देऊन टाकलं. माझ्या मते पहिल्या अंकापेक्षा या खंडाने कथेचं जास्त नुकसान केलं. हळू चालणारी गोष्ट वाचक सहन करतो. थांबलेली गोष्ट त्याला दुसरीकडे जायला मोकळं करते. शेवट झाला तेव्हा बरेच जण आधीच पांगले होते, आणि जे उरले त्यांच्यातही शेवटावरून दोन तट पडले.

तुम्ही वाचणार असाल तर दोन गोष्टी सांगतो. 2020 च्या अखेरीस फ्लॅश हे अॅनिमेशन चालवणारं सॉफ्टवेअर बंद झाल्यावर मूळ साइटवरचे बरेच खेळ आणि हलती पानं पूर्वीसारखी चालेनाशी झाली. म्हणून चाहत्यांनी जतन केलेलं 'अनऑफिशियल होमस्टक कलेक्शन' उतरवून घ्या. आणि चॅटचं प्रत्येक बटण दाबा, रोज थोडंथोडंच वाचा. दुसरा अंक संपेपर्यंत त्या चार पोरांपैकी एकाशीही सूर जुळला नाही, तर खुशाल सोडून द्या.