विश्लेषण : दक्षिण कोरियात सक्तीच्या सेवेतील जवानांचा बराकीत छळ का होतो? मोबाइलमुळे काय बदलले?

‘बीटीएस’ या लोकप्रिय कोरियन बँडच्या सातही गायकांची सक्तीची सेवा जून २०२५ मध्ये पूर्ण झाली आणि जगभरच्या चाहत्यांनी जल्लोष केला. दक्षिण कोरियातील लाखो सामान्य कुटुंबांसाठी मात्र मुलगा सैन्यातून घरी परतण्याचा दिवस म्हणजे जल्लोषापेक्षा सुटकेचा नि:श्वास. त्यांची भीती केवळ सीमेपलीकडच्या उत्तर कोरियाची नसते. आपल्याच बराकीत, आपल्याच वयाच्या ज्येष्ठ जवानांकडून होणाऱ्या छळाचीही असते. हा छळ का होतो, तो इतकी वर्षे दडून कसा राहिला आणि आता परिस्थिती किती बदलली आहे, याविषयी…

सैन्यात जाणे कोणाला बंधनकारक?

कोरियन युद्ध १९५३ मध्ये थांबले ते शस्त्रसंधीने. शांतता करार आजतागायत झालेला नाही. त्यामुळे दोन्ही कोरिया तांत्रिकदृष्ट्या अजूनही युद्धातच आहेत. दक्षिण कोरियाच्या राज्यघटनेतील ३९व्या अनुच्छेदानुसार देशाचे संरक्षण हे नागरिकांचे कर्तव्य आहे आणि कायद्याने प्रत्येक धडधाकट पुरुषाला साधारण १८ ते २८ या वयात सेवा बजावावी लागते. सध्या हा काळ लष्कर आणि मरीन दलात १८ महिने, नौदलात २० महिने, तर हवाई दलात २१ महिने आहे. शिक्षण किंवा नोकरीची सुरुवात मध्येच सोडून मुले बराकीत दाखल होतात. काही मोजके खेळाडू आणि शास्त्रीय कलावंत वगळता यातून सवलत मिळत नाही. म्हणूनच बराकीत काय घडते, हा तिथे केवळ लष्कराचा प्रश्न राहत नाही. तो जवळजवळ प्रत्येक घराचा प्रश्न असतो.

२०१४ मध्ये नेमके काय घडले?

त्या वर्षी एप्रिलमध्ये ग्योंगी प्रांतातील योनचॉन येथे २८व्या डिव्हिजनच्या वैद्यकीय तुकडीतील एका नवख्या जवानाचा मृत्यू झाला. ‘जवान युन प्रकरण’ म्हणून ही घटना ओळखली जाते. खाद्यपदार्थाचा घास श्वासनलिकेत अडकल्याने तो दगावला, असे लष्कराने सुरुवातीला सांगितले. प्रत्यक्षात खाताना ज्येष्ठ जवान त्याला मारहाण करत होते आणि महिनाभराहून अधिक काळ हे रोजच चालले होते.

ही माहिती लष्कराने दिली नाही. ‘सेंटर फॉर मिलिटरी ह्यूमन राइट्स’ या स्वयंसेवी संस्थेचे प्रमुख लिम ते-हून यांनी ३१ जुलै रोजी पत्रकार परिषद घेऊन तपासातील तपशील उघड केले. त्याला झोपू दिले जात नव्हते, टूथपेस्ट खायला लावली जात होती, जमिनीवरची थुंकी चाटायला लावली जात होती. त्या छोट्या तुकडीवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी असलेला कनिष्ठ अधिकारीही छळात सामील होता. मृत्यू आणि सत्य यांच्यात जवळजवळ चार महिन्यांचे अंतर होते. या गौप्यस्फोटानंतर आठवडाभरातच लष्करप्रमुख क्वोन ओ-सुंग यांना पद सोडावे लागले. मुख्य आरोपीला पहिल्या न्यायालयाने खुनाच्या नव्हे, तर जीवघेण्या मारहाणीच्या गुन्ह्यासाठी ४५ वर्षांची शिक्षा दिली. पुढे अपिलात त्याचा गुन्हा खूनच ठरला आणि २०१६ मध्ये ४० वर्षांच्या शिक्षेवर शिक्कामोर्तब झाले. खटला सुरू असताना तुरुंगातील सोबत्यांचाही त्याने छळ केल्याचे दरम्यान उघड झाले होते.

याच वर्षी जूनमध्ये गांगवोन प्रांतातील गोसॉंगजवळ, उत्तर कोरियाच्या सीमेवरील एका चौकीत, सेवा संपायला जेमतेम तीन महिने उरलेल्या एका सार्जंटने सहकाऱ्यांवर हातबॉम्ब फेकून गोळीबार केला. पाच जण ठार झाले. आपल्याला वाळीत टाकले जात होते आणि चौकीतील नोंदवहीत आपली टिंगल करणारी चित्रे काढली जात होती, असे त्याचे म्हणणे होते. त्याला फाशीची शिक्षा झाली. मात्र, दक्षिण कोरियात १९९७ नंतर एकाही फाशीची अंमलबजावणी झालेली नाही.

या घटना अपवाद होत्या का?

नाही. २००५ मध्ये याच २८व्या डिव्हिजनच्या सीमेवरील चौकीत एका जवानाने आठ सहकाऱ्यांचा जीव घेतला होता. २०११ मध्ये गांगह्वा बेटावरील मरीन तुकडीत गोळीबारात चौघे ठार झाले. त्यानंतर मरीन दलातील एक जुनी रीत चर्चेत आली. एखाद्या जवानाला त्याच्या तुकडीच्या क्रमातून बाहेर काढायचे, म्हणजे कनिष्ठांनीही त्याला ज्येष्ठ मानायचे नाही आणि त्याच्याशी कोणी बोलायचे नाही. आपल्याकडचा वाळीत टाकण्याचाच हा प्रकार. मारहाणीचे वळ निदान दिसतात. वाळीत टाकल्याची खूण कोणत्याच वैद्यकीय अहवालात उमटत नाही. प्रत्येक घटनेनंतर चौकशी झाली, बराकीतील संस्कृती सुधारण्याच्या घोषणा झाल्या आणि काही वर्षांनी पुढची घटना घडली.

छळ करणारे कोण असतात?

बहुतेकदा कालचे पीडितच. कोरियन सैन्यात सक्तीच्या सेवेतील जवानांच्या चार पायऱ्या असतात : इब्योंग, इल्ब्योंग, सांगब्योंग आणि ब्योंगजांग. वरच्या पायरीवर जाण्यासाठी कर्तबगारीपेक्षा नेमलेला काळ पूर्ण होणे महत्त्वाचे असते. त्यामुळे ‘वरिष्ठ’ म्हणजे फक्त काही महिने आधी आलेला, साधारण त्याच वयाचा मुलगा. त्याच्याकडे नेतृत्वाचे प्रशिक्षण नसते, जबाबदारी नसते. पण रात्री दिवे मालवल्यानंतर एकाच खोलीत झोपणाऱ्या नवख्यांवर त्याची सत्ता असते. ‘आम्ही सोसले, आता तुम्ही सोसा’ हा हिशेब दर काही महिन्यांनी पुढच्या तुकडीकडे सोपवला जातो.

आपल्या वाचकांना हे वर्णन महाविद्यालयीन वसतिगृहातील रॅगिंगसारखे वाटेल आणि मुळाशी ते तेच आहे. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला, तोही ‘मुलांची थट्टामस्करी’ म्हणून या छळाकडे काणाडोळा करून चालत नाही, हे लक्षात आल्यावरच. फरक एवढाच, की वसतिगृहातील विद्यार्थी निदान बॅग उचलून घरी जाऊ शकतो. जवानाने तेच केले, तर तो फरारी ठरतो आणि त्याच्यावर गुन्हा दाखल होतो. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ‘डीपी’ ही मालिका याच विषयावर आहे. पळून गेलेल्या जवानांना शोधणाऱ्या लष्करी पोलिसांच्या पथकाची ती गोष्ट. मालिका गाजल्यावर अनेक माजी जवानांनी आपले अनुभव सांगितले. संरक्षण मंत्रालयाला ‘आता बराकी बदलल्या आहेत’ असा खुलासा करावा लागला. ही मालिका २०१४ या वर्षात घडते, हा योगायोग नव्हे.

तक्रार का केली जात नाही?

तक्रार करायची तर ती आपल्या कमांडरकडे. तुकडीत गैरप्रकार उघड झाला, तर डाग कमांडरच्या सेवापुस्तिकेवर. म्हणून प्रकरण आतल्या आत मिटवण्याकडे कल असतो. प्रकरण लष्करी न्यायालयात गेले, तरी तेथील व्यवस्थाही लष्कराचीच. शिवाय निकालानंतर शिक्षा कमी करण्याचा अधिकार दीर्घकाळ कमांडरलाच होता. म्हणजे तक्रार, तपास, खटला आणि माफी हे सारे एकाच कुंपणाच्या आत.

लष्कराची स्वत:ची सावधगिरीही कधीकधी उलटते. ज्या जवानांकडे विशेष लक्ष द्यायला हवे, त्यांची ‘ग्वानसिम ब्योंगसा’ म्हणजे ‘लक्ष ठेवण्याजोगे जवान’ अशी वर्गवारी केली जात असे. गोसॉंगमधील सार्जंट आधी त्यातील सर्वात गंभीर ‘अ’ गटात होता. नंतर त्याला ‘ब’ गटात आणून सीमेवर पाठवण्यात आले. मदतीसाठी केलेली ही यादी बराकीत मात्र शिक्का ठरत होती. त्या यादीतला म्हणजे कमकुवत, आणि कमकुवत म्हणजे छळायला सोपा.

सरकारने काय केले?

‘जवान युन’ प्रकरणानंतर लष्करी सेवेविषयीचा नवा मूलभूत कायदा संसदेत संमत झाला आणि २०१६ मध्ये लागू झाला. जवानांनी एकमेकांना खासगी शिक्षा देण्यास या कायद्याने मनाई केली. असा प्रकार दिसल्यास कळवणे ही पाहणाऱ्याचीही जबाबदारी ठरली. एकाच वेळी भरती झालेल्यांना एका खोलीत ठेवण्याची पद्धत वाढली, जेणेकरून रात्री ‘वरिष्ठ’ आणि ‘कनिष्ठ’ समोरासमोर येणार नाहीत.

लष्करी न्यायव्यवस्थेला हात लागायला मात्र २०२१ उजाडावे लागले. लैंगिक छळाची तक्रार केल्यानंतर दडपणाखाली आलेल्या हवाई दलातील एका महिला अधिकाऱ्याने त्या वर्षी जीवन संपवले आणि देशभर संताप उसळला. ती सक्तीच्या भरतीतील नव्हती. पण कुंपण तेच होते. त्यानंतर झालेल्या कायदेबदलानुसार १ जुलै २०२२ पासून जवानाचा मृत्यू ज्या गुन्ह्यातून झाला असे गुन्हे आणि लैंगिक गुन्हे नागरी तपास यंत्रणा व नागरी न्यायालयांकडे गेले. लष्करी अपील न्यायालय आणि शिक्षा कमी करण्याचा कमांडरचा अधिकार शांतताकाळापुरता रद्द झाला. त्याच दिवशी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगात जवानांसाठी स्वतंत्र संरक्षण अधिकारी नेमण्यात आला.

मोबाइलमुळे काय बदलले?

एप्रिल २०१९ पासून कोरियन सैन्याने प्रायोगिक तत्त्वावर जवानांना कामाच्या वेळेनंतर मोबाइल वापरू दिला आणि जुलै २०२० पासून ही सवलत कायम केली. सर्वसाधारण नियम असा की, कामाच्या दिवशी संध्याकाळी ६ ते रात्री ९ या वेळेत फोन हातात मिळतो. गुपिते फुटतील, शिस्त बिघडेल, जुगाराचे व्यसन लागेल, असे आक्षेप घेतले गेले. ऑनलाइन जुगाराची काही प्रकरणे खरोखरच घडली. पण ज्या मुलाचा बाहेरच्या जगाशी संबंध आठवड्याकाठी एखाद्या फोनपुरता होता, तो आता रोज आईशी बोलू लागला. रोज बोलणाऱ्या मुलाचा आवाज बदलला, तर घरी कळते.

याचा परिणाम एप्रिल २०२१ मध्ये दिसला. करोनामुळे विलगीकरणात ठेवलेल्या जवानांनी आपल्याला मिळणाऱ्या तुटपुंज्या जेवणाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर पोहोचवली आणि काही दिवसांतच संरक्षणमंत्री सुह वूक यांना जाहीर माफी मागावी लागली. एरवी अशी तक्रार कमांडरच्या टेबलाखाली गेली असती.

पगारही वाढला. २०१४ मध्ये सक्तीच्या सेवेतील सर्वोच्च पायरीवरील जवानाला महिन्याला सुमारे दीड लाख वोन मिळत. २०२५ मध्ये हा आकडा १५ लाख वोन, म्हणजे साधारण ९० हजार रुपये झाला आहे. ‘फुकटात मिळालेला माणूस’ या नजरेने जवानाकडे पाहणे त्यामुळे कठीण झाले.

मग प्रश्न सुटला का?

नाही. मे २०२४ मध्ये इंजे येथील १२व्या डिव्हिजनमध्ये रात्री बोलत बसल्याच्या कारणावरून सहा प्रशिक्षणार्थींना पूर्ण युद्धसाहित्य पाठीवर देऊन धावायला आणि जोर काढायला लावले गेले. अशा शिस्तीच्या व्यायामात धावण्यास आणि पूर्ण साहित्यासह जोर काढण्यास नियमाने मनाई आहे. त्यातील एक जण कोसळला आणि दोन दिवसांनी, २५ मे रोजी, दगावला. या वेळी शिक्षा देणारे ज्येष्ठ जवान नव्हते, तर प्रशिक्षित अधिकारी होते.

पण फरकही दिसला. मृत्यूची आणि ‘शिस्तीच्या व्यायामा’ची बातमी दुसऱ्याच दिवशी देशाला कळली. तपास नागरी पोलिसांनी केला आणि खटला चुनचॉनच्या जिल्हा न्यायालयात चालला. जानेवारी २०२५ मध्ये कंपनी कमांडरला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि अपिलात ती साडेपाच वर्षे करण्यात आली.

पुढे काय?

२०२३ मध्ये दक्षिण कोरियाचा जननदर ०.७२ इतका खाली गेला. जवानांची संख्या २०२५ पर्यंत सुमारे साडेचार लाखांवर आली. मुलेच कमी असल्याने सैन्याला निवडीची मुभा उरलेली नाही. पूर्वी प्रकृती किंवा मानसिक ताणामुळे ज्यांना वगळले गेले असते, असेही अनेक जण आता बराकीत येणार. म्हणजे छळाला बळी पडू शकणारे वाढणार.

अशा वेळी उपाय कोणता, हे गेल्या दहा वर्षांच्या अनुभवातून पुरेसे स्पष्ट झाले आहे. चांगल्या वर्तनाची व्याख्याने आणि शपथा २०१४ पूर्वीही होत होत्या. फरक पडला तो कुंपणाला बाहेरून उघडणारी दारे बसवल्यावर : घरी जाणारा फोन, नागरी न्यायाधीश, चौकशीला येऊ शकणारा बाहेरचा अधिकारी. २०१४ मध्ये एका मुलाच्या मृत्यूचे खरे कारण कळायला चार महिने लागले. २०२४ मध्ये एक दिवस लागला. मात्र ही दारे माणूस गेल्यानंतर नव्हे, तर पहिल्या मारहाणीच्या रात्रीच उघडली पाहिजेत. ते अजून व्हायचे आहे.