कर्नल शूर होता की हट्टी?

एकाच घरात, एकाच दिवाणावर बसून तिघांनी एकच चित्रपट पाहिला आणि तिघांनाही तो वेगवेगळा दिसला, असे कधी होते का? जरूर होते. पडताळा हवा असेल तर रायपूरच्या एखाद्या मराठी घरात रविवारच्या दुपारी जॉन फोर्ड यांचा 'फोर्ट अपाची' लावून पाहावा. लष्करात नोकरी केलेल्या आजोबांना त्यात शिस्त आणि पलटणीची इभ्रत दिसेल. घरातल्या सुनेला लेकीच्या लग्नात आडवा येणारा हेकट बाप दिसेल. आणि कॉलेजात शिकणारा नातू विचारील की ज्यांच्या जमिनीवर ही लढाई चालली आहे, त्यांच्या बाजूने कोणी बोलणार आहे की नाही?

हा चित्रपट १९४८ सालचा आणि कृष्णधवल आहे. पण त्यावरचा वाद अजून ताजा आहे.

मानी अधिकाऱ्याची गोष्ट

ओवेन थर्सडे हा घोडदळाचा अधिकारी. अमेरिकेच्या यादवी युद्धात तो जनरलच्या हुद्द्यावर होता. युद्ध संपले, हुद्दा उतरला आणि लेफ्टनंट कर्नल म्हणून त्याला वाळवंटातल्या एका दूरच्या ठाण्यावर धाडण्यात आले. हा अपमान त्याच्या मनात सलतो आहे. पुन्हा नाव कमवायचे, तेही लवकर, एवढाच ध्यास त्याने घेतला आहे. ही भूमिका हेन्री फोंडा यांनी केली आहे.

थर्सडे विधुर आहे. त्याची तरुण मुलगी फिलाडेल्फिया त्याच्यासोबत ठाण्यावर येते आणि मायकेल ओरूर्क या तरुण लेफ्टनंटच्या प्रेमात पडते. पण मायकेलचे वडील त्याच ठाण्यावर सार्जंट मेजर आहेत. अधिकाऱ्याची मुलगी सार्जंटच्या घरात कशी द्यायची? हा प्रश्न आपल्याकडच्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. मुलीची भूमिका बालतारका म्हणून जग गाजवलेल्या शर्ली टेम्पल यांनी केली होती. मायकेल झालेले जॉन एगर त्या वेळी प्रत्यक्षातही त्यांचे पती होते.

ठाण्याजवळचा सरकारी एजंट अपाचींना खोट्या वजनांनी फसवतो, त्यांना वाईट दारू विकतो. या जाचाला कंटाळून त्यांचा प्रमुख कोचीस आपल्या लोकांसह मेक्सिकोत निघून गेला आहे. जॉन वेन यांनी साकारलेला कॅप्टन यॉर्क त्याला भेटतो आणि शब्द देऊन परत आणतो. थर्सडे मात्र त्या शब्दाचा सापळा म्हणून उपयोग करतो. धोका आहे, असे यॉर्क बजावतो, तर तो त्यालाच भेकड ठरवून मागे ठेवतो आणि पलटण घेऊन थेट घळीत घुसतो. पुढे व्हायचे तेच होते. जखमी थर्सडेला यॉर्क वाचवायला येतो, पण तो आपल्या माणसांबरोबर मरण्यासाठी माघारी फिरतो.

इथेच प्रेक्षकांत पहिली फूट पडते. काहींच्या मते त्या शेवटच्या कृतीने त्याचे सारे दोष धुऊन निघाले. तर काही म्हणतात की स्वतः मरायला निघणे हे धैर्य खरे, पण आपल्या हट्टापायी इतरांना मरणात लोटणे हा गुन्हाच.

मराठी प्रेक्षकाला या ठिकाणी सरनौबत प्रतापराव गुजर आठवल्याशिवाय राहत नाहीत. १६७४ साली नेसरीला ते सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या सैन्यावर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. तेही अविचाराचे धाडस होते, असे म्हणता येईल. पण प्रतापरावांनी आपल्यामागे सारी फौज फरफटत नेली नाही. थर्सडेने नेली. दोघांतला हा फरक लहान नाही.

शेवटचे खोटे

खरा वाद मात्र शेवटच्या प्रसंगाचा आहे. काही वर्षे लोटली आहेत. आता यॉर्क पलटणीचा प्रमुख आहे. वार्ताहर त्याला थर्सडेच्या चढाईच्या एका गाजलेल्या चित्राविषयी विचारतात. त्या चित्रात सगळेच खोटे आहे, हे यॉर्कला ठाऊक आहे. तरीही चित्र तंतोतंत खरे आहे, असे तो सांगतो.

यॉर्कने असे का करावे? दिग्दर्शक फोर्ड यांनी पुढे एका मुलाखतीत त्याचे समर्थन केले होते. देशाला आदर्श म्हणून पाहायला वीर हवे असतात, असे त्यांचे म्हणणे. अनेक प्रेक्षकांना ते पटते. मेलेल्या जवानांच्या घरच्यांना काय सांगायचे, असा त्यांचा सवाल असतो. इतरांना वाटते की या खोट्याने फक्त एका कर्नलची चूक झाकली गेली नाही. त्याखाली एजंटाची लूट झाकली गेली आणि कोचीसला दिलेला, मग मोडलेला शब्दही.

ही गोष्ट हवेतून आलेली नाही. थर्सडेच्या मागे जॉर्ज कस्टर उभा आहे. तोही यादवी युद्धातला जनरल आणि नंतर घोडदळाचा लेफ्टनंट कर्नल. २५ जून १८७६ रोजी माँटाना भागात लिटल बिगहॉर्न नदीकाठी तो आणि त्याच्यासोबतची दोनशेहून अधिक माणसे मारली गेली. त्याची पत्नी १९३३ पर्यंत जगली आणि पुस्तके लिहून, व्याख्याने देऊन तिने पतीचे नाव उजळत ठेवले. त्या रणभूमीच्या राष्ट्रीय स्मारकाला कस्टरचेच नाव होते. १९९१ मध्ये कायदा करून ते बदलण्यात आले आणि नदीचे नाव दिले गेले. दुसऱ्या बाजूने लढलेल्या मूळ रहिवाशांचे स्मारक तिथे उभे राहायला २००३ साल उजाडावे लागले.

रायपूरमधून पाहताना

हाच चित्रपट रायपूरमध्ये बसून पाहिला की त्याला आणखी एक धार येते. छत्तीसगडमध्ये २०११ च्या जनगणनेनुसार दर १०० माणसांमागे सुमारे ३१ जण आदिवासी आहेत. गणवेशातली पलटण आणि रानातला माणूस यांची गोष्ट इथे परक्या मुलखाची वाटत नाही.

हा प्रदेश अठराव्या शतकापासून नागपूरकर भोसल्यांकडे होता. १८५४ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. दोनच वर्षांनी, १८५६ मध्ये दुष्काळ पडला. सोनाखानचे बिंझवार जमीनदार नारायण सिंह यांनी कसडोलच्या एका व्यापाऱ्याचे कोठार उघडून धान्य भुकेल्यांना वाटले. सरकारच्या लेखी हा दरोडा होता. त्यांना पकडून रायपूरच्या तुरुंगात टाकले. १८५७ मध्ये ते निसटले, सोनाखानात माणसे जमवून लढले आणि पुन्हा हाती सापडले. १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना मृत्युदंड देण्यात आला. त्या काळच्या कागदांतला हा 'दरोडेखोर' आज 'शहीद वीर' आहे. नवा रायपूरचे क्रिकेटचे स्टेडियम त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

पण दंतकथा इथेही आहेच. १९८७ मध्ये निघालेल्या टपाल तिकिटावर नारायण सिंह तोफेच्या तोंडी बांधलेले दाखवले आहेत. सरकारी कागदपत्रांप्रमाणे मात्र त्यांना फाशी झाली. म्हणजे 'चित्र खरे की कागद खरा' हा यॉर्कपुढचा प्रश्न रायपूरच्या शाळकरी मुलापुढेही येऊ शकतो.

मुलांना काय सांगावे?

आपल्या माणसाची दंतकथा ती श्रद्धा आणि परक्याची ते ढोंग, असा न्याय लावून चालणार नाही. दंतकथेला एकच प्रश्न विचारावा: ती नेमके काय झाकते? थर्सडेच्या चित्राने चढाईचे कारणच पुसून टाकले. कोचीसवर झालेला अन्याय त्यात कुठेच उरला नाही. तोफ असो की फाशी, नारायण सिंहांच्या कथेत दुष्काळ, कुलूपबंद कोठार आणि भुकेली माणसे जागच्या जागी आहेत. तरीही घरात मुलाने विचारलेच, तर तिकिटावरचे चित्रही दाखवावे आणि कागद काय सांगतो तेही सांगावे. वीर त्याने लहान होत नाही.

आजोबा, सून आणि नातू या तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. एवढेच की चित्रपट संपल्यावर टीव्ही बंद करून लगेच उठू नये. चहा ठेवावा आणि तिघांनी एकमेकांचे ऐकून घ्यावे. कर्नल थर्सडेने तेवढे कधीच केले नव्हते.