एक वाटा, जरासं आणि वीसेक

पालघर-बोईसरकडच्या मासळी बाजारात तराजू असतो, नाही असं नाही. पण मांदेली, जवळा किंवा ओले बोंबील घ्यायचे तर कोळीणमावशी त्याच्याकडे बघतही नाही. फळीवर छोटे छोटे ढीग मांडलेले असतात आणि आपण एवढंच विचारायचं, "मावशी, वाटा कसा दिला?" वाट्यात किती ग्रॅम, हे विचारणारा माणूस बाहेरगावचा समजावा. फार तर "अजून दोन टाक की" म्हणावं. मग मावशी चार टाकते किंवा काहीच टाकत नाही. ते तुमच्या चेहऱ्यावर अवलंबून. देशात 1958 पासून किलो-ग्रॅमची मापं येऊ लागली, शेर-पायली मागे पडली, वाटा मात्र फळीवरून हलला नाही.

आता गंमत बघा. इंग्रजीत 'पुष्कळ' म्हणायला सर्रास वापरतात तो 'अ लॉट' म्हणजेही मुळात वाटाच! जुन्या इंग्रजीत चिठ्ठी टाकल्यासारखं काहीतरी टाकून वाटणी व्हायची. जे टाकायचं तो लॉट, आणि त्यातून ज्याच्या पदरात जे पडेल तोही लॉट. मग एकत्र विकायच्या मालाच्या ढिगाला लॉट म्हणू लागले. ढीग म्हटला की तो मोठाच असणार, म्हणून 'पुष्कळ' हा अर्थ चिकटला. 'अ गुड डील' मधला 'डील' घ्या, तोही पूर्वी हिस्साच होता. म्हणजे 'थँक्स अ लॉट' म्हणणारा साहेब व्युत्पत्तीच्या हिशेबाने आभाराचा एक वाटा पुढे सरकवत असतो. तारापूर एमआयडीसीत ड्रमावर लॉट नंबर चिकटवणाऱ्याला आणि लॉटरीचं तिकीट फाडणाऱ्याला कल्पना नसेल, पण दोघंही याच खानदानातले.

लॉटरीवरून आठवलं. महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली 1969 साली, आणि तारापूरचं अणुवीज केंद्रही त्याच वर्षी चालू झालं. देशातलं पहिलं. आज चार अणुभट्ट्या आहेत, दोन 160 मेगावॉटच्या आणि दोन 540 च्या, म्हणजे एकूण क्षमता 1,400 मेगावॉट. तिथे 'थोडीशी वीज' किंवा 'बऱ्यापैकी दाब' असली भाषा चालत नाही, आणि चालू नयेच.

पण कुंपणाबाहेर येऊन पहिल्याच माणसाला "जरा थांबा" म्हणालात, तर तोंडातून निघाला तो अणूच. आपला 'जरा' फारसीतून आलेला. त्याचं मूळ अरबी 'ज़र्रा', म्हणजे बारीक कण. आजच्या अरबीत अणूलाही हाच शब्द आहे. विरार-डहाणू लोकलमध्ये (ती 2013 पासून धावते) चौथ्या सीटसाठी "जरा सरका" म्हणायचं, म्हणजे शब्दशः "अणूभर सरका". बसलेला गृहस्थ सरकतोही बरोबर तेवढाच.

खरं तर या 'जरा'त प्रमाण नसतंच, असते ती अदब. "पाणी दे" हा हुकूम झाला, "जरा पाणी दे" ही विनंती. तांब्याभर प्यायचं असलं तरी 'जरा'च.

दिसत नाही, पण आहे

शाळेत इंग्रजी शिकताना सगळ्यात छळतात ते 'सम' आणि 'एनी'. घरी आपण विचारतो, "सुट्टे आहेत का?" त्यात किती, काही, थोडे असलं काहीच नाही. इंग्रजीला मात्र तिथे मोकळी जागा सोसत नाही. प्रश्न असेल तर 'एनी', देणं-घेणं असेल तर 'सम', नकार असेल तर पुन्हा 'एनी'. मराठी पोरगं हे शब्द गाळतं, कारण त्याच्या कानाला तिथे काही कमी आहे असं वाटतच नाही. यात त्याचा दोष तो काय!

या 'सम'ची कुंडली मजेदार आहे. संस्कृतातला 'सम' आणि इंग्रजीतला 'सम' एकाच मूळ धातूचे, असं व्युत्पत्तिकार सांगतात. आपण दोन्ही एकसारखेच लिहितो, हा वरचा बोनस. आणि 'एनी'? तो तर इंग्रजीतल्या 'एक'ला प्रत्यय लावून तयार झालेला. एकातून अनिश्चितता काढायची ही युक्ती आपल्याकडेही आहे. "लग्नाला किती माणसं होती?" "असतील दोनशेएक." वीसेक, पन्नासेक, शंभरेक. आकड्याला 'एक' चिकटवला की आकडा पातळ होतो. गणितात वीस आणि एक एकवीस होतात, मराठीत वीसच्या आसपास काहीही.

मासे की मासळी

सातपाटी हे पापलेटचं माहेरघर. 2023 साली पापलेटला राज्य मासा म्हणून मान मिळाला, तेव्हा सातपाटीची मान साहजिकच ताठ झाली. इंग्रजीत पाण्यात पोहणाऱ्या माशांना 'मेनी' लागतं आणि ताटातल्या माशाला 'मच'. नाम तेच 'फिश', बदलतो तो प्रमाणाचा शब्द. मराठीने हे काम उलट्या बाजूने केलं. आपला 'किती' दोन्हीकडे तोच, बदलतं ते नाम. "मासे किती?" म्हणजे मोजून सांग, आणि "मासळी किती आली?" म्हणजे होडी कशी भरली ते सांग. मला विचाराल तर आपली सोय जास्त बरी. वर थोडा भात, थोडी आमटी, थोडं मीठ असं लिंग सांभाळावं लागतं, ती तेवढी आपल्या बाजूची डोकेदुखी.

सर्वनामांत तर इंग्रजी सरळ हात टेकते. 'सम ऑफ अस' बोईसरला उतरणार, असं डब्यात कुणी म्हटलं तर ऐकणाऱ्याने काय समजायचं? आपल्याकडे घोळ नाही. "आमच्यापैकी काहीजण उतरणार" म्हणजे तू बस निवांत. "आपल्यापैकी काहीजण उतरणार" म्हणजे बॅग खाली काढ. ऐकणाऱ्याला धरून की सोडून, हे मराठी एका शब्दात सांगून टाकते.

एका ठिकाणी मात्र आपलीच पंचाईत होते. 'फार गोड' म्हणजे छान गोड की नको इतकं गोड? 'फार' दोन्ही अर्थ पोटात घालतो. त्यामुळे आपल्या इंग्रजीत 'टू मच' हे बिनदिक्कत कौतुक होऊन बसलं. लंडनच्या माणसाला त्याच्या जेवणाबद्दल तसं सांगून बघा.

आणि आपले आकडे! "चार लोक काय म्हणतील" यातले चार कुणी मोजलेत? व्यासपीठावरचे 'दोन शब्द' पाऊण तास चालतात, "पाच मिनिटांत पोचतो" म्हणणारा अजून सफाळ्याला असतो. सगळ्यांचा राजा 'सतराशे साठ'. भानगडी असोत, अर्ज असोत की नातेवाईक, ते नेहमी सतराशे साठच असतात. इंग्रजांच्या मैलात यार्डही बरोब्बर 1,760. योगायोग आहे म्हणा, पण पुढच्या वेळी कुणी "माझ्यामागे सतराशे साठ कामं आहेत" म्हणालं, तर "म्हणजे मैलभरच ना?" असं विचारायला हरकत नाही.